पंचेचाळिसावी सही

सॅम्पल फ्लॅटला दारं नसतात. बाथरूमचं एक सोडलं तर आत कुठेच दार नव्हतं आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. दारं काढली की खोल्या मोठ्या दिसतात. पलंग मुद्दाम आखूड करून घेतलेला असतो, म्हणजे बाजूने फिरायला जागा उरते. आणि एसी असा की मे महिन्यात लालबागच्या फुटपाथवरून आत गेलेला माणूस अर्ध्या तासात कशावरही सही करायला तयार! वर मशीनची कॉफी. मे २०१० मध्ये त्या कॉफीचे दोन कप पिऊन मी एक लाखाचा टोकन चेक फाडला. बायको लिफ्टमध्ये एवढंच म्हणाली, “आपण हे राहायला घेतोय की विकायला?”

“दोन्ही,” मी म्हणालो. वय अठ्ठावीस. अशी उत्तरं सुचायचंच वय ते.

थोडं बॅकग्राउंड द्यायला हवं. माझा जन्म लालबागच्या चाळीतला. चाळीचं नाव सांगत नाही, अजून दोन केसेस चालू आहेत. चौसष्ट खोल्या, दहा बाय बाराच्या. बाहेर कॉमन गॅलरी, टोकाला कॉमन संडास, आणि गणपतीत गावचे पाहुणे झोपायला जिन्यात. आजोबा गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संपावर गेले ते परत साच्यावर उभे राहिलेच नाहीत. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर. मी कम्प्युटर इंजिनीअर होऊन लोअर परळला लागलो, एका जुन्या गिरणीच्या कंपाउंडमध्ये उभ्या राहिलेल्या काचेच्या ऑफिसात. गिरणीची चिमणी तेवढी ठेवली होती, फोटोपुरती.

आमच्या खोलीचं भाडं २००० साली ४२ रुपये होतं. हसू नका. १९४७ च्या कायद्यानं मुंबईतली जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. पुढे नवा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० ला लागू झाला, त्यानं मालकाला दरवर्षी चार टक्के वाढ दिली. म्हणजे आमच्या मालकाला पहिल्या वर्षी वाढून मिळाले रुपया अडुसष्ट पैसे. त्यात तो गळका पाइप तरी कसा बदलणार? मालकाला चाळ नकोशी, भाडेकरूला ती सोडवत नाही, आणि मध्ये बिल्डर. विकास नियंत्रण नियमावलीतलं ३३(७) हे कलम त्याच्यासाठीच. ७० टक्के भाडेकरूंनी संमती दिली की चाळ पाडायची, जुन्या लोकांना नवी घरं फुकट द्यायची (१९९९ च्या नियमात किमान २२५ चौरस फूट) आणि बदल्यात मिळालेला जादा एफएसआय वापरून उरलेले फ्लॅट बाजारात विकायचे. कागदावर सगळेच खूश.

आणि दिवसही तसेच होते. २००५ मध्ये एनटीसीनं गिरण्यांचे लिलाव केले. मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना गेली, दादरची कोहिनूर नंबर तीन ४२१ कोटींना. मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं गिरण्यांच्या जमिनींवर बांधायचा रस्ता मोकळा झाला आणि परळचं आकाश क्रेननी भरलं. २००८ मध्ये लेहमन बुडाली तेव्हा वर्षभर सगळे चिडीचूप. पण २०१० मध्ये वडाळ्यातला एमएमआरडीएचा प्लॉट ४,०५३ कोटींना गेला, आणि आमच्या कॅन्टीनमध्ये चहाबरोबर पुन्हा पर-स्क्वेअर-फुटाचीच चर्चा. ज्यानं अजून काही बुक केलं नाही तो बावळट!

मला मात्र घरातच एकानं सावध केलं होतं. गिरगावातल्या मामानं. फणसवाडीत खोली, ठाकूरद्वारच्या नाक्यावर दुकान, आणि एकदा हात पोळलेला. १९९५ मध्ये मार्केट टिपेला असताना त्यानं बोरिवलीला ‘गुंतवणूक म्हणून’ फ्लॅट घेतला होता, तोही १५ टक्क्यांच्या वर व्याज भरून. १९९६ नंतर भाव उतरायला लागले आणि उतरतच गेले. आठ वर्षं कळ काढून २००३ मध्ये त्यानं तो तोट्यात विकला, आणि पुढच्याच वर्षापासून भाव चढायला लागले. मामाचं नशीब!

“भाव पडेल म्हणून मी घाबरवतोय असं वाटतंय ना तुला?” मामा म्हणाला होता. “भाव पडू दे रे. खाली-वर व्हायचाच. पण अडकलास तर काय करशील?”

मी मनातल्या मनात म्हणालो, जुन्या जमान्याचा माणूस.

आता खरी गोष्ट. माझं बुकिंग कुठे होतं माहितीये? आमच्याच चाळीच्या जागी. मागे रिहॅब विंग, जुन्या भाडेकरूंसाठी. पुढे सेल विंग, बाजारासाठी. बाबांना मागे ३०० फुटांचं घर फुकट मिळणार होतं आणि पुढच्या विंगमध्ये माझा वन-बीएचके. सुपर बिल्ट-अप ६४० चौरस फूट, म्हणजे आत पाय ठेवल्यावर ४००. लॉन्चचा भाव १६,०००. मला ‘इन्व्हेस्टर रेट’ साडेबारा हजार. ८० लाखांत लालबाग! अट एकच, ७५ टक्के पैसे पहिल्या वर्षात. बाबांच्या पीएफचे ९ लाख, आमच्या दोघांचे ११, आणि ६० लाखांचं कर्ज, त्यातले ४० लाख बँकेनं लगेच बिल्डरला दिले. टीझर लोन होतं, पहिलं वर्ष ८ टक्के. पुढचं पुढे.

दुसरी अट कुणी घातली नाही. पण संमतीच्या सह्या तेव्हा ३१ वर अडकल्या होत्या आणि चौसष्टचे ७० टक्के म्हणजे ४५. बिल्डरचा माणूस एकदा सहज म्हणाला, “तुम्ही शिकलेले, चाळीतले. लोक तुमचं ऐकतात.” इन्व्हेस्टर रेट मला का मिळाला, हे मला तेव्हा कळलं नव्हतं असं म्हणायला आवडलं असतं. कळलं होतं. मी दोन महिने रोज ऑफिसातून सुटलो की जिने चढलो. तेरा सह्या झाल्या, ४४. एक उरली.

आमच्या समोरच्या खोलीत मावशी राहायच्या. एके काळी त्यांची खानावळ होती. दोन पाळ्यांचे मिळून वीस-बावीस गिरणी कामगार त्यांच्याकडे जेवायचे. संपानंतर माणसं गावाला गेली आणि मावशी पोळ्या लाटून देऊ लागल्या. मी लहानपणी आईपेक्षा त्यांच्याच ताटात जास्त जेवलोय. सत्तरीच्या बाई, सही करायच्या ती एकेक अक्षर सुटं काढून. करारनामा त्यांनी हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाल्या, “मला वाचता येतं, पण हे इंग्रजीत आहे. तू वाचलंस ना?”

मी पहिलं पान वाचलं होतं, आणि भाड्याचं. मी म्हणालो, “हो.”

ती पंचेचाळिसावी सही.

ऑक्टोबर २०१० मध्ये चाळ रिकामी झाली. छत्तीस महिन्यांत घर, तोवर दरमहा १५,००० भाडं. आईबाबा डोंबिवलीला, मावशी मुलीजवळ नालासोपाऱ्याला. मग रिझर्व्ह बँकेनं व्याजदर वाढवायला घेतले. मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ या काळात तेरा वेळा! माझं ८ टक्क्यांचं कर्ज साडेदहावर. जानेवारी २०१२ मध्ये फंजिबल एफएसआयचा नवा नियम आला, प्लॅन्स पुन्हा काढले गेले, नव्या परवानग्या. मला तेव्हाही टेन्शन नव्हतं. त्याच वर्षी ती ७०२ कोटींची मुंबई टेक्स्टाइल मिल सुमारे २,७०० कोटींना पुन्हा विकली गेली. मी मामाला फोन करून आकडा ऐकवला. तो म्हणाला, “जमीन विकली त्यांनी. तू काय विकणारेस?”

२०१३ च्या पावसाळ्यात रिहॅब विंग नवव्या स्लॅबवर थांबली. सेल विंगचा तर खड्डाच होता आणि त्यात पाणी.

इथे एक गोष्ट सांगतो, जी मला सॅम्पल फ्लॅटमध्ये कुणी सांगितली नाही. अशा प्रोजेक्टमध्ये खर्च आधी येतो आणि कमाई नंतर. बिल्डरला मालकाची जमीन, चौसष्ट कुटुंबांचं दरमहा भाडं, त्यांची फुकट घरं, प्रीमियम, सगळं आधी भरायचं. आणि हे सगळं कशातून? तर सेल विंगच्या बुकिंगमधून, नाहीतर कर्जातून. बुकिंग थंडावलं की आधी भाड्याचे चेक थांबतात, मग मजूर जातात, मग वॉचमनही. भाडेकरूला वाटतं, आपल्याला काय, फुकट घर मिळतंय. इन्व्हेस्टरला वाटतं, आपल्याला काय, आपण स्वस्तात घेतलं. दोघंही एकाच दोरीवर लटकलेले असतात. आणि माझ्यासारखे शहाणे तर दोन्ही टोकांना! आईबाबांचं राहतं घर, त्यांची पुंजी, माझं कर्ज, सगळं एका बिल्डरच्या कॅश-फ्लोवर. ऑफिसात मी क्लायंटला ‘डायव्हर्सिफाय करा’ म्हणून प्रेझेंटेशन द्यायचो, बरं का.

सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलं की कर्जाचे पैसे बांधकामाच्या प्रगतीप्रमाणेच द्या, आगाऊ नको. छान नियम. माझे ४० लाख तीन वर्षांपूर्वीच गेले होते.

त्यावर महिना ३५,००० व्याज. मुद्दल एक रुपयानंही कमी होत नाही. दरवर्षी बँकेत जाऊन विनंती करायची की प्री-ईएमआयच राहू द्या. टॅक्समध्ये सूट म्हणाल तर घर ताब्यात येईपर्यंत व्याजावर शून्य, आणि राहत्या घराचं बांधकाम ठरलेल्या मुदतीत संपलं नाही तर दोन लाखांची मर्यादा थेट तीस हजारांवर येते. म्हणजे उशीर बिल्डरनं करायचा आणि सूट माझी जायची! एकाच फ्लॅटनं सर्व्हिस टॅक्स पाहिला, व्हॅट पाहिला, पुढे जीएसटीही पाहिला. मुलगा झाला, शाळेत गेला, तिसरीत गेला. फ्लॅट प्लिंथवरच.

फेब्रुवारी २०१४ मध्ये भाड्याचे चेक बंद झाले. आईबाबांचं डोंबिवलीचं भाडं मी भरू लागलो. मावशींचं कोण भरणार? त्या पंचाहत्तरीत पुन्हा पोळ्या लाटायला लागल्या, नालासोपाऱ्यातल्या एका डबेवालीसाठी. मी दोनदा पैसे पाठवले, त्यांनी दोनदा परत केले. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. दर गणपतीत मात्र लालबागला यायच्या, आणि दर्शन झालं की चाळीच्या जागेवर जाऊन पत्र्याच्या फटीतून आत बघायच्या. मग मला फोन. “नववाच आहे अजून. दहावा कधी रे?”

असे तीन फोन आले. २०१७ च्या डिसेंबरात मावशी गेल्या.

मधल्या काळात भाव कोसळले का? गंमत म्हणजे, नाही. साइट बंद असतानाही ब्रोकर छातीठोकपणे सांगायचे की लालबागचा रेट ‘स्टेडी’ आहे. २०१३ नंतरची सहा-सात वर्षं मुंबईचं मार्केट असंच होतं. आकडा जागच्या जागी, विकायला गेलात तर गिऱ्हाईक नाही, आणि महागाई खालून गुपचूप कुरतडतेय. शेअर पडला तर स्क्रीनवर लाल दिसतं, पोटात गोळा येतो, निदान कळतं तरी. फ्लॅटला स्क्रीनच नसते. ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी झाली, २०१८ मध्ये आयएल अँड एफएसनं पैसे बुडवले आणि बिल्डरांना कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी हात आखडले, तेव्हा हे आपल्या घराविषयीच चाललंय हे मला पेपरच्या अर्थ-पानावर कळलं. आमच्या साइटवर नव्हे.

रेरा आला १ मे २०१७ ला. खरंच फरक पडला, खोटं बोलणार नाही. ग्राहकांच्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, ताब्याची तारीख वेबसाइटवर जाहीर करायची, उशीर झाला तर स्टेट बँकेच्या दरावर २ टक्के धरून व्याज. मी तक्रार केली, ऑर्डर माझ्या बाजूनं लागली. आता वसुली? ती जिल्हाधिकारी कार्यालयातून होते, आणि ज्याच्या खात्यात काही नाही त्याच्याकडून काय वसूल करणार? शेवटी तडजोड केली. व्याज सोडलं, नवी तारीख घेतली. पण त्या सुनावण्यांत मला जास्त लागलं ते दुसरंच. मी विकत घेणारा, म्हणून रेराच्या दारात मला जागा होती. फुकट घराची वाट बघणाऱ्या भाडेकरूंना नव्हती. वीस लाख लावणाऱ्याला कायदा, आयुष्य लावणाऱ्याला म्हाडाच्या खेपा. (२०२२ मध्ये म्हाडा कायद्यातल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळाली, अर्धवट सोडलेले असे प्रकल्प म्हाडाला ताब्यात घेता येतील, अशी तरतूद त्यात आहे. आमचं तोवर उरकलं होतं.)

उरकलं ते असं. २०१९ च्या शेवटी नवा पार्टनर आला, काम सुरू झालं, मार्चमध्ये कोविडनं थांबलं. १ सप्टेंबर २०२० पासून सरकारनं मुद्रांक शुल्क ५ वरून २ टक्क्यांवर आणलं आणि मुंबईत एकदम घरं विकली जाऊ लागली. आमच्या सेल विंगचीही. पैसा आला, स्लॅब चढले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ओसी.

माझ्या फ्लॅटचा भाव तेव्हा निघाला दीड कोटी. ऑफिसात सगळे म्हणाले, “बॉस, ८० चे दीडशे, पार्टी दे!” दिली. घरी येऊन रात्री हिशेब मांडला. माझे २० लाख, बारा वर्षांचं व्याज साधारण ४७ लाख, टॅक्स-रजिस्ट्रेशन वगैरे ७. म्हणजे खिशातून ७४. विकला आणि कर्जाचे ६० फेडले तर हातात ९०. ब्रोकर आणि कॅपिटल गेन्स त्यातूनच. हेच पैसे त्याच-त्याच तारखांना बाबांच्या पद्धतीनं, नाक्यावरच्या बँकेत एफडीत टाकले असते, तर टॅक्स सोडून सव्वा कोटीच्या पुढे गेले असते. डोंबिवलीचं भाडं यात धरलेलं नाही. बायकोनं कागद बघितला, पेन घेतलं आणि खाली एक ओळ वाढवली : ‘कॉफी, २ कप’.

रिहॅब विंगमध्ये कुणाला कुठलं घर, याच्या चिठ्ठ्या निघाल्या त्या दिवशी चौसष्टपैकी एकोणीस घरांतून मूळ भाडेकरू नव्हे, वारस आले होते. मावशींची मुलगी आली होती. अकरावा मजला निघाला. तिनं सगळ्यांना पेढे दिले, मलाही दिला. मी काहीतरी बोलणार होतो, पण ती पुढच्या माणसाकडे गेली होती. तिनं घर भाड्यानं दिलंय. स्वतः नालासोपाऱ्यातच राहते. अकराव्या मजल्याचा मेंटेनन्स साडेचार हजार आहे, ते भाड्यातून जातं. ४२ रुपयांच्या खोलीतून आलेल्या माणसांना हा आकडा कुणी आधी सांगितला नव्हता. मीही नाही. चौदाव्या मजल्यावर आई खूश आहे. स्वतःचा संडास मिळाला, म्हणते. बाबा खिडकीतून खाली बघत बसतात. पीएफविषयी त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मीही आपणहून काढलं नाही. माझा फ्लॅट ३८,००० भाड्यानं गेलाय. दीड कोटीवर ते तीन टक्के.

मामाच्या गल्लीतही आता वारे फिरलेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगावचं मेट्रो स्टेशन सुरू झालं आणि दर रविवारी चाळीत एजंट. गेल्या महिन्यात तिथलाच एक मुलगा माझ्याकडे आला. सत्तावीस वर्षांचा, बँकेत अ‍ॅनालिस्ट, लॅपटॉप घेऊनच. बिल्डरनं त्याला सेल विंगमध्ये खास रेट दिलाय. एक्सेल शीट सुरेख होती. १०० लावायचे, चार वर्षांनी १७०, वर्षाला १४ टक्के. मी म्हटलं, ताबा सहा वर्षांनी पुढे ढकल, विकायची किंमत तीच ठेव. त्यानं चारचे दहा केले. साडेपाच टक्के आले. कर्जाचं व्याज त्यात नव्हतंच. तो स्क्रीनकडे बघत राहिला.

मग मी विचारलं : प्रोजेक्टवर आधीचं कर्ज कुणाचं आहे, रेराच्या साइटवर बोजा बघितलास? भाड्याची बँक गॅरंटी आहे की नुसते पोस्ट-डेटेड चेक? आधी कुठली विंग बांधणार, हे करारात लिहिलंय का? आणि चाळीतल्या लोकांना ठाऊक आहे का, की तुला खास रेट मिळालाय?

शेवटच्या प्रश्नावर तो गप्प बसला. मी ते जास्त ताणलं नाही.

“सह्या किती झाल्या?” मी विचारलं. आता ५१ टक्के पुरतात, पूर्वीसारखे ७० लागत नाहीत.

“एकच राहिलीये.”

“कुणाची?”

“तुमच्या मामांची. ते म्हणाले, आधी माझ्या भाच्याकडे जाऊन ये.”

करारनामा त्यानं बॅगेत आणला होता. अडुसष्ट पानं, इंग्रजीत. बायकोनं चहा ठेवला, मी चष्मा लावला आणि आम्ही पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.